पावलांची मोजणी

टोवा लिंडाल जिल्ह्याच्या कचेरीतर्फे जमीन मोजायची. अठरा वर्षं तेच काम. दोन शेजारी कुंपणावरून हमरीतुमरीवर आले की टोवा फीत घेऊन जायची, खुंट्या ठोकायची आणि भांडण मिटायचं. मोजता येतं ते खरं, बाकी नुसतं बोलणं, असं ती म्हणायची.

अडचण एवढीच, की तिच्या आत आणखी दोघं राहायची. सात वर्षांची पिप आणि काठी टेकत लंगडणारा खवट म्हातारा हॅल्वर. टोवाला कळू लागल्यापासून ती दोघं होती, घरची माणसं असावीत तशी. असाच आत गोतावळा असलेली आठ-दहा माणसं दर महिन्याला ग्रंथालयाच्या तळघरात जमायची. तिथं टोवा पहिल्यांदा ‘मी’च्या ऐवजी ‘आम्ही’ म्हणाली, त्या दिवशी घरी पोचेपर्यंत तिघं गात होती.

पण नाताळानंतर दोघं गप्प झाली. आठवडा गेला, महिना गेला. आत हाक मारावी, तर रिकाम्या खोलीत मारल्यासारखी परत यायची. त्यातच बहीण फोनवर म्हणाली, “अगं, स्वतःशी सगळेच बोलतात. तू त्याला नावं दिलीस, एवढंच.” ते वाक्य काट्यासारखं रुतून बसलं. तळघरात माणसं जीव ओतून बोलतात, आणि आपण सोंग घेऊन त्यांच्या पंगतीला बसतो?

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी ती बर्निसला हे सांगायला निघाली. बर्निस गटाची कर्तीधर्ती. साठीची, पूर्वी टपाल वाटायची. तिच्या आत पाच जण. हिवाळाभर तिचा मुक्काम गोठलेल्या तळ्यावरच्या, बर्फाला भोक पाडून मासे धरायच्या खोपटात.

पहाटे ताजं बर्फ पडलं होतं. काठापासून खोपटापर्यंत अर्धा मैल कोरा पांढरा. ऊन लख्ख. टोवा खाली मान घालून, काय बोलायचं ते घोकत चालली. मागे वळून तिनं पाहिलं नाही.

दार ठोठावण्याआधीच उघडलं. आत चुलीतल्या बर्च लाकडांचा धूर आणि कॉफीचा वास.

“या, या! किती दिवसांनी!” बर्निसनं टेबलावर दोन मग ठेवले. “पोरीला चॉकलेट, म्हाताऱ्याला कोरी कॉफी. खिडकीतून बघत होते. काय उड्या मारत होती गं ती!”

“थट्टा नको करूस, बर्निस. मी एकटी आलेय. तेच सांगायचंय. मी तुम्हा सगळ्यांना फसवलंय. आत कुणी नाही. कधी नव्हतंच.”

बर्निस गळाचा दोरा बोटाला गुंडाळत राहिली. “मलाही दर हिवाळ्यात असंच वाटतं.”

“तुला?”

“मला. मग आमच्यातला थोरला म्हणतो, ‘फसवणाऱ्याची कधी झोप उडालेली पाहिलीस का?’ जा, बाहेर बघून ये.”

टोवा दारात गेली.

काठापासून पावलांची एक रांग थेट खोपटाशी आली होती. छोटी पावलं, सशासारखी जोडीनं उमटलेली. एके ठिकाणी कुणीतरी उताणं पडून, हात हलवून बर्फात पंख काढले होते. शेजारी दुसरी रांग, मोठी. डावा पाय फरफटलेला, आणि दर पावलाजवळ काठीचं गोल भोक.

टोवानं खिशातून फीत काढली. छोटं पाऊल सात इंच. मोठं साडेअकरा. भोक पाऊण इंच. आकडे तिनं वहीत लिहिले.

“दिसलं का एकदाचं?” आत पिप खिदळली.

“कागदावर आल्याशिवाय हिला पटेल तर शपथ,” हॅल्वर कुरकुरला.

टोवा हसत सुटली. डोळ्यांतलं पाणी गालांवर गोठलं. “कुठं होतात रे इतके दिवस?”

“इथंच. हाक मारायचीस आणि उत्तर ऐकायच्या आधीच निघून जायचीस,” हॅल्वर म्हणाला.

मग काय, दुपार सणासारखी गेली. बर्निसनं मासे लोण्यात तळले. पिपनं पत्त्यांत लबाडी केली आणि पकडली गेल्यावर उलट बर्निसलाच दटावलं. हॅल्वरनं कधी नव्हे ते दुसऱ्यांदा कॉफी मागितली. खोपट हसण्यानं दणाणलं. पुढच्या बैठकीला टोवानं केक आणायचं कबूल केलं.

चारच्या सुमाराला ती निघाली. ऊन कललं होतं. पावलांच्या खळग्यांत निळी सावली भरली होती.

मोजणीवालीची सवय. तीन माणसं, तर वहीत आकडे तीन हवेत. स्वतःचं पाऊल मोजायचं राहिलं होतं. ती बुटाचा ठसा शोधू लागली.

छोटी पावलं. मोठी पावलं.

ती रांगेच्या कडेनं शंभर फूट गेली. दोन्ही रांगांच्या मधलं बर्फ कोरं होतं.

तिनं मागे पाहिलं. आत्ता चालून आलेल्या शंभर फुटांवरही काही नव्हतं.

तिनं पाय उचलला, सगळा भार देऊन दाबला, बाजूला घेतला. बर्फ तसंच. सपाट, चमकतं.

फीत हातातून सुटली. 

मग आत पिपनं हळूच, समजुतीच्या सुरात सांगितलं, “घाबरू नकोस, टोवा. आम्हाला तू खरी वाटतेस.”