नमुना एकतीस

जेवायला सुरुवात करण्यापूर्वी ऋजुताने पर्समधून एक चपटी डबी काढली, पाण्याने चूळ भरली आणि डबीतली पारदर्शक पट्टी अंगठ्याने टाळूला दाबून धरली. पट्टी चिकटायला दहा सेकंद लागत. तेवढ्यात वेटरने सुरमईचं ताट आणून ठेवलं. ताटाच्या कडेला छापील चिठ्ठी होती: मासा कुठल्या पाण्यात, कोणत्या बोटीने, किती वाजता धरला. रत्नागिरीत आता अशा चिठ्ठीशिवाय कुणी मासा वाढत नसे. हॉटेलच्या गच्चीवरून भाट्याचा पूल दिसत होता आणि पुलाखाली ओहोटीचं मातकट पाणी.

तिने आधी नुसता भात खाल्ला. तो गोड लागला. साखरेसारखा नाही, दुधावरच्या सायीसारखा. चव्वेचाळीस वर्षांत तिच्या स्वतःच्या जिभेला भात कधी गोड लागला नव्हता. मग सोलकढी. तिच्यातलं आमसूल कानशिलापर्यंत गेलं. आई सोलकढी पिताना डोळे बारीक का करायची, ते तिला आत्ता कळलं.

पट्टी आईची होती.

आईच्या घशाला कर्करोग झाला तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं की किरणोपचाराने चव जाईल आणि बहुधा परत येणार नाही. अशा रुग्णांसाठी चवपट्टी नुकतीच आली होती. तोंडात आलेल्या अन्नात काय काय आहे हे ती ओळखायची आणि त्या पदार्थाला रुग्णाचे मज्जातंतू पूर्वी जसा प्रतिसाद देत, तसाच संदेश टाळूमार्गे जिभेकडे आणि नाकाकडे धाडायची. त्यासाठी उपचारांपूर्वी रुग्णाचा चवठसा घ्यावा लागे. गळ्याभोवती मज्जातंतूंची स्पंदनं टिपणारा पट्टा बांधून चाळीस नमुने चाखायचे, की झाला ठसा. निरोगी माणसाने अशी पट्टी लावली तर ती आधी त्याच्या जिभेचे स्वतःचे संदेश थोपवी. म्हणजे जेवण त्याच्या तोंडात आणि चव दुसऱ्याची.

रुग्णाच्या मृत्यूनंतर शंभर दिवसांनी ठसा आपोआप पुसला जाई. तसा नियमच होता. आज शनिवार, सत्त्याण्णवावा दिवस.

आता तिने सुरमईचा तुकडा तोडला. या घासासाठीच ती नागपूरहून इथवर आली होती. तिने सावकाश चावला आणि थांबली.

सुरमई तिला नेहमी लागायची तशीच लागली. अगदी तशीच.

तिला बरं वाटलं. भात वेगळा, आंबट वेगळं, मिरचीसुद्धा आईला जिभेच्या टोकाऐवजी घशात जाणवत असावी. पण मासा दोघींना एकसारखा लागत होता. एवढं तरी आमचं एकच होतं, असं तिच्या मनात आलं, आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा ती ताटातलं सगळं जेवली.

प्रश्न मात्र सुटला नव्हता. शेवटच्या वर्षात दर शुक्रवारी ऋजुता आईसाठी मासा करायची. आई रत्नागिरीच्या मांडवीत वाढलेली, बाविसाव्या वर्षी लग्न करून नागपूरला आलेली. माहेरचं घर विकलं गेलं, भाऊ दुबईला गेला, पण मासा सुटला नाही. बर्फाच्या खोक्यांतून येणारा बांगडा ती निवडून घ्यायची आणि तिरफळं घालून त्याचं तिखलं करायची. ऋजुताने तेच तसंच केलं. तिरफळं वाढवून पाहिली, कमी करून पाहिली, नारळ बदलला, मातीचं भांडं आणलं. आई एक घास घ्यायची आणि म्हणायची, "मासा आहे गं. पण तो नाही."

बाकी सगळं तिला पूर्वीसारखं लागत होतं. वरण, लिंबाचं लोणचं, चहा. फक्त मासा नाही. आणि तो एक पदार्थच ऋजुता मन लावून करत होती.

दिवाळीनंतर आईचं बोलणं थांबलं. त्याआधीच्या एका शुक्रवारी तिने घास बराच वेळ तोंडात धरून ठेवला होता. मग ऋजुताकडे पाहत ती म्हणाली, "असं लागतं होय तुला?"

"कसं?"

"काही नाही. वाढ अजून."

वेदनाशामकांमुळे आई त्या दिवसांत कधी कधी तुटक बोलायची. ऋजुताने मनावर घेतलं नाही. त्यानंतर आईने माशाला नाव ठेवलं नाही. उलट बोलणं थांबेपर्यंत बुधवारपासूनच विचारायची, शुक्रवारी काय आणणार? तिने त्या चवीची आशा सोडली, असा अर्थ ऋजुताने काढला. आपल्या हाताला काय जमलं नाही, ते आईच्याच जिभेने आईच्याच गावात शोधायचं, एवढ्यासाठी ती आली होती. तिच्याकडे तीन दिवस होते.

रविवारी दुपारी ती मिरकरवाड्याच्या बंदराजवळ एका गजबजलेल्या हॉटेलात जेवली. पापलेट, कोळंबी, मग पुन्हा सुरमई. संध्याकाळी मांडवीच्या गल्लीत आठ टेबलांची एक खानावळ सापडली. कुंदा शिवलकर नावाची साठीची बाई ती चालवत होती. स्वतः रांधायची आणि स्वतःच येऊन गिऱ्हाइकांशी बोलायची. तिच्याकडचं तिखलं रंगाने आणि वासाने आईच्या तिखल्याच्या सर्वांत जवळचं होतं. ऋजुताने पट्टी लावून ते खाल्लं. मासा पुन्हा तसाच लागला. ओळखीचा, नागपूरच्या स्वयंपाकघरातला.

सोमवारी दुपारी ती परत तिथेच गेली.

"आलात?" कुंदाताईंनी ओट्यामागूनच विचारलं. "काल अर्धं ताट टाकून गेलात. म्हटलं, ही बाई काय आता येत नाय."

"टाकलं नाही. पोट भरलं होतं."

"नागपूरची पोटं लहान असतात वाटतं." त्यांनी पाण्याचा तांब्या ठेवला. "आणि एक विचारू? काल तुम्ही जेवत होतात की पेपर तपासत होतात? असं तोंड करून कुणी बांगडा खातं?"

ऋजुता हसली. "आज नीट खाईन. तिखलंच द्या. भाकरी नको, भात."

सोमवार असल्यामुळे खानावळीत तिच्याशिवाय दोनच माणसं होती, तीही बाहेरगावची. कुंदाताईंनी वाढलेलं ताट आणलं आणि समोरच्या बाकावर टेकल्या. ऋजुताने पट्टी टाळूला लावली. कुंदाताईंनी ते पाहिलं.

"मीठ बघा हां जरा," त्या म्हणाल्या. "कमी-जास्त असलं तर सांगा. सोमवारचं मी चाखत नाय."

"न चाखता करता?"

"वासावर करते. तिरफळाचा वास आमसुलाच्या वासावर चढला की उतरवायचं. गिऱ्हाइकाला उपास नाय ना, मला हाय. सासूबाईपण अशाच करायच्या. लईच शंका आली तर पोरीला चाखायला लावायच्या."

"माझी आईसुद्धा," ऋजुता म्हणाली. "सोमवारी आमच्यासाठी करायची, पण स्वतः कधी तोंडात घालायची नाही. मग मला बोलवायची आणि पळीतलं…"

ती मध्येच थांबली. हातातला घास हातातच राहिला.

"काय झालं? काटा लागला?"

"नाही."

ठसा घेतला तो दिवस तिच्या डोळ्यांसमोर आला. नागपूरचं हॉस्पिटल, दुसऱ्या मजल्यावरची थंड खोली, गळ्याला पट्टा बांधून ताठ बसलेली आई, आणि छोट्या वाट्यांतून एकेक नमुना देणारी मेश्राम नावाची तंत्रज्ञ मुलगी. तीस नमुने सुरळीत झाले. एकतिसाव्या वाटीत माशाचा रस्सा होता. आईने वाटीचा वास घेतला आणि ती परत केली.

"आज सोमवार आहे."

"काकू, चमचाभरच. औषध समजून घेऊन टाका ना."

"चाळीस वर्षं मोडला नाही. आता मला बरं व्हायचंय, तर आत्ताच मोडू होय?"

उद्या या, असं मेश्रामला म्हणता येत नव्हतं. मंगळवारी सकाळी पहिले किरण द्यायचे होते. ती गोंधळून ऋजुताकडे पाहू लागली. रक्ताच्या नात्यातल्या माणसाचे नमुने चालतात, म्हणाली. बेशुद्ध रुग्णांसाठी तशी सोय आहे. मग पट्टा ऋजुताच्या गळ्यात आला. आई खुर्चीत बसून हसत होती. "खा तूच. माझ्या हातचं खाऊन वाढलीस, तुझी जीभ काय वेगळी असणार?" ऋजुताने चारही वाट्या संपवल्या: मासा, कोळंबी, शिंपल्या, सुकट. पाच मिनिटांचं काम होतं. नंतर शस्त्रक्रिया आली, नळ्या आल्या, रात्रीची जागरणं आली, आणि त्या पाच मिनिटांची आठवण कुणालाही राहिली नाही.

तिने फोन काढला. पट्टीच्या अ‍ॅपमधल्या नोंदवहीत ठशाची यादी होती. ती तिने कधी उघडलीच नव्हती. नमुना एक: भात, रुग्ण. नमुना दोन: दूध, रुग्ण. ती बोटाने खाली सरकवत गेली. नमुना एकतीस: मासा. दाता: कन्या. बत्तीस, कन्या. तेहतीस, कन्या. चौतीस, कन्या. पुढे पस्तीसपासून पुन्हा रुग्ण.

"ताई, पाणी प्या," कुंदाताई म्हणाल्या. "आणि काय ते सांगून टाका. गार होतंय जेवण."

ऋजुताने सांगितलं. पट्टी काय करते ते, आईचं आजारपण, आणि तो सोमवार. थोडक्यातच सांगितलं.

"म्हणजे आई वर्षभर मासा तुमच्या तोंडाने जेवली," कुंदाताई म्हणाल्या.

"हो."

"आणि तुम्ही तीन दिवस हितं येऊन आमची मासळी नागपुरात बसून खाताय."

बाई बरोबर बोलत होती. समोरचा बांगडा पहाटे जाळ्यातून निघाला होता, तसं चिठ्ठीवर लिहिलं होतं. पण पट्टीने त्याला फक्त 'मासा' म्हणून ओळखलं होतं आणि एकतिसावा नमुना काढून दिला होता. आठ दिवस बर्फात राहिलेल्या माशावर वाढलेली एक जीभ. ज्या सारखेपणाचा तिने शनिवारपासून आधार घेतला होता, तो तिचा तिच्याशीच असलेला सारखेपणा होता.

पण मग आईचं काय? आई तर तिथे खुर्चीत बसून सगळं पाहत होती. सुरुवातीला विसरली असेल. मासा आहे पण तो नाही, असं म्हणत राहिली असेल. आणि मग दिवाळीआधीच्या त्या शुक्रवारी घास तोंडात धरला असताना तिला तो सोमवार आठवला असेल.

असं लागतं होय तुला?

ते तुटक बोलणं नव्हतं. लेकीला आपण समुद्र खाऊ घालतो आहोत अशा समजुतीने चाळीस वर्षं जिने शुक्रवारची खोकी उपसली, तिला लेकीपर्यंत काय पोचत होतं ते त्या घासात कळलं होतं. फिकं, थोडं बर्फाळ, तिरफळांच्या मागे लपलेलं काहीतरी, ज्याला मुलगी आनंदाने मासा म्हणत होती. आणि ते कळल्यावर ती म्हणाली, वाढ अजून. त्यानंतर दर शुक्रवारी ती जे मागून खात होती, ते स्वतःची चव शोधण्यासाठी नव्हतंच कदाचित.

"ती मला सांगू शकली असती," ऋजुता म्हणाली.

"सांगून काय केलं असतंत?"

"माहीत नाही. स्वयंपाक करताना मन खात राहिलं असतं."

"मग नाय सांगितलं ते बरंच." कुंदाताई उठल्या. ताटातलं गार झालेलं तिखलं त्यांनी उचललं आणि आत जाऊन दुसरं वाफाळतं घेऊन आल्या. "काढा ते तोंडातलं."

ऋजुताने टाळूवरून पट्टी सोडवली. डबीत ठेवण्याआधी ती हातावर धरून तिने क्षणभर पाहिली. नखापेक्षा जरा मोठी, ओलसर, जवळजवळ अदृश्य. तिच्यात आईचा भात होता, आईचं आमसूल होतं, चहा होता. बुधवारी सकाळी ते पुसलं जाणार होतं. मासा तिच्यात कधी नव्हताच. तो आईच्याही आधी गेला होता, त्या मंगळवारच्या पहिल्या किरणांबरोबर.

तिने डबी बंद केली, चूळ भरली आणि बांगड्याचा पाठीकडचा तुकडा काट्यापासून सोडवून भाताबरोबर तोंडात घातला.

भात गोड लागला नाही. तो तिचा नेहमीचा भात होता. पण माशाला काहीतरी होतं, जे तिने आजवर कधी चाखलं नव्हतं. आधी लोखंडासारखं, मग ओल्या वाळूसारखं, आणि तिरफळाची झिणझिण जिभेवर उतरल्यावर त्याच्याही पुढे एक गोडवा, ज्याला तिच्याजवळ शब्द नव्हता. ती चावायची थांबली. घास तोंडात तसाच धरून राहिली.

"कसं झालंय?" कुंदाताईंनी विचारलं. "मीठ?"

"बरोबर आहे."

"उद्या या. उद्या मंगळवार, मी चाखून करीन."

ऋजुताने मान डोलावली. बाहेर ऊन होतं आणि भरतीचा आवाज गल्लीत येऊ लागला होता. ही चव तिची होती, तिच्या स्वतःच्या जिभेची, आजची. आईची जीभ वेगळी होती, हे तर भातानेच सांगितलं होतं. हा गोडवा आईच्या गोडव्याच्या जवळचा असेल, किंवा कुठेच जवळचा नसेल. ताडून पाहायला आता जगात एकही नमुना उरलेला नव्हता.

तरीही घास गिळण्याआधी तिने समोरच्या रिकाम्या बाकाकडे पाहिलं आणि ओठ न हलवता विचारलं:

असं लागायचं होय तुला?