डांबराचा पंजा

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या, पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. मी बंदर कचेरीत फोनवर बसते.

समुद्रावर पाण्याची सोंड दिसली की आमच्याकडे होड्यांसाठी लाल बावटा चढतो. भोंगा फक्त जमिनीवरच्या वादळाला.

सोंडेचे प्रकार दोन. एक पाण्यावरच उठते आणि किनाऱ्याला लागली की विरते. दुसरी काळ्या गडगडाटी ढगातून उतरते. ती टोर्नेडोच, पाण्यावर आहे म्हणून नाव वेगळं. ती जमिनीवर चढली तरी थांबत नाही.

हे मला कचेरीतल्या साहेबांनीच शिकवलं होतं.

गेल्या वर्षी ती दुसरी आली. मी ओरडले, "साहेब, भोंगा! दादा शेडमध्ये आहे!"

"अजून पाण्यावरच आहे ना? उगाच वाजवला तर वरून बोलणी मला बसतात."

दादा, माझा भाऊ, किनाऱ्यावरच्या शेडमध्ये होड्यांच्या फटींत डांबर भरायचा. शेडसकट गेला. साहेबांच्या केसालाही धक्का लागला नाही.

नवी शेड उभी राहिली. दादाच्या जागी वहिनी लागली. पोट कुणाला चुकलंय?

परवा संध्याकाळी...

पंखा फिरत होता, पण त्याचा आवाज येईना.

बाहेर एकही पक्षी ओरडेना.

मग वास आला... गरम डांबराचा.

खिडकीतून पाहिलं. काळा ढग. त्यातून उतरलेली सोंड सरळ शेडकडे येत होती.

"साहेब, वहिनी आहे हो तिथे!"

"बावटा चढवलाय. बाई, जागेवर बसा."

आणि भोंगा वाजला.

साहेब पांढरेफटक पडले. भोंग्याच्या खोलीला कुलूप होतं, आणि किल्ली त्यांच्याच खिशात.

शेडमधले सगळे धावत सुटले. वहिनीसुद्धा. मागे शेडचे पत्रे उडाले.

साहेबांनी कुलूप काढलं. आत कुणीच नव्हतं. बटणावर डांबराचा ओला पंजा... अंगठा अर्धाच.

दादाचा अर्धा अंगठा करवतीत गेला होता.

कागदोपत्री भोंगा साहेबांनी वाजवला. सत्कार झाला. हसत फोटो काढून घेतला मेल्याने!

वहिनीला मी पंजाचं सांगितलं. ती म्हणाली, "मेल्यावरसुद्धा साहेबांचं काम ह्यांनाच करावं लागलं."

आज साहेबांच्या खुर्चीच्या पाठीवर तोच पंजा होता. ओला. त्यांना दिसला नाही, ते टेकून बसले. मी काही बोलले नाही.

आभाळ स्वच्छ आहे. पण मघापासून पंख्याचा आवाज येत नाहीये...