दाबून धरलेली वायर

सुश्रुतची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी त्याच्या वाडीत पोफळीला टेकवलेल्या शिडीवर होते, आणि तो खालून ओरडत होता, “ओ ताई, सुपाऱ्या आमच्या आहेत!”

“ठेवा तुमच्याकडेच. मी नेटवाली!” मी वरूनच ठणकावलं.

काम शेजारच्या घरचं होतं, फक्त वायर ह्याच्या वाडीतून जात होती. खाली उतरले तर हा शिडी घट्ट धरून उभा… आणि कान लालेलाल. “आमचंही नेट दुपारी जातं हो,” एवढंच पुटपुटला. त्यानंतर ह्याच्या घरून सारखी तक्रार यायला लागली. मी माझ्या रावजीमामांच्या दुकानातून काम करते, ते वैतागले.

“प्रणाली, त्या घरात नेट टिकतच न्हाय का गं?”

“न्हाय ना मामा. जाऊन बघाय पायजे,” म्हणत मी केस सारखे करायचे आणि स्कूटर काढायचे. गंमत म्हणजे मी पोचले की नेट अगदी शहाण्यासारखं चालायचं. मग आम्ही दोघं ओट्यावर बसून कोकम सरबत प्यायचो. दोष सापडला नाही याचं मला फारसं दुःखही नव्हतं.

आज मात्र हसण्यावारी नेण्यासारखं काही नव्हतं. दुपारी घरून नोकरी करणाऱ्या सुश्रुतला हैदराबादच्या साहेबांना आपलं काम पडद्यावर दाखवायचं होतं. मधेच लाइन तुटली, तर सोमवारपासून तिकडच्या ऑफिसात हजर व्हायचं, असं त्यांनी बजावलं होतं. तो गेला असता तर माझं काय झालं असतं, हे त्याला कुठे माहीत होतं? मला मात्र माहीत होतं. मला तो इथेच हवा होता, काशीदला, माझ्या डोळ्यांसमोर.

त्याचा घाबराघुबरा फोन आला तशी मी धावत गेले, थेट त्याच्या खोलीत. बघते तर राउटरवर मखमली खोळ! शिवलेली, वर लेस लावलेली.

“ही कुणी घातली?”

“मीच की,” त्याची आई, श्यामलाकाकू, दारातून म्हणाल्या. “खारी हवा आमची. टीव्ही, मिक्सर, सगळं झाकून ठेवते मी. जेवणं आवरली की ह्यालाही घालते.”

“मग मला कधी दिसली कशी नाही?”

“तू यायची म्हटलं की काढायची. जुन्या साडीची आहे ना, पाहुण्यांपुढे बरी दिसत नाही.”

मी कपाळावर हात मारला. राउटरचा डबा तव्यासारखा तापला होता आणि वायफाय गेलं होतं, ते खोळ काढूनही परत येईना. डब्यातून थेट कॉम्प्युटरला वायर लावून पाहिली, तर डब्याच्या खोबणीतल्या पट्ट्या खाऱ्या हवेने हिरव्या पडलेल्या. वायर वर दाबून धरली की दिवा लागे, सोडली की गुल. चिकटपट्टी लावली, रबर बांधलं… काही टिकेना. नवा डबा अलिबागहून यायचा, तो संध्याकाळी. मोबाइलची रेंज तर त्या खोलीत औषधालाही नव्हती.

“संपलं,” सुश्रुत खुर्चीत बसला. त्याचा चेहरा उतरला होता.

“असं कसं संपलं? मी धरते. तुम्ही बोला.”

मी टेबलाशेजारी जमिनीवर बसले, कॅमेऱ्याच्या खाली. साहेब पडद्यावर आले. सुश्रुत इंग्रजीत बोलत होता आणि मी श्वास रोखून वायर दाबत होते. बोटांना मुंग्या आल्या. एकदा हात जरासा हलला आणि साहेबांचा आवाज अडखळला — सुश्रुतने झर्रकन खाली पाहिलं. मी वायर दोन्ही हातांनी धरली. त्याचा गुडघा माझ्या खांद्याला लागला होता, तो त्याने हलवला नाही. मीही नाही.

शेवटी साहेब म्हणाले, थांब जरा, आम्ही आपसात बोलून सांगतो. सुश्रुतने माइक आणि कॅमेरा बंद केला.

“प्रणाली…” तो खुर्चीवरून उतरून माझ्यासमोर बसला. “ते परत यायच्या आत सांगायचंय. नंतर सांगितलं तर वाटेल, निकाल बघून बोललो. मला तुम्ही आवडता. फार. हैदराबादला जावं लागलं तरी हे बदलणार नाही. तुमचं काय?”

मला हलताही येईना. हात वायरीवर, डोळे त्याच्यावर.

“सुश्रुत?” पडद्यावरून हाक आली. तो धडपडत खुर्चीत बसला. साहेब सांगू लागले… काम पसंत आहे, लाइनही नीट दिसते, तू घरूनच काम कर, आणखी एक—

माझे हातच गळाले. वायर निसटली. साहेब तोंड उघडं ठेवून पडद्यावर थिजले.

“अगं बाई!” मी घाईघाईने वायर शोधायला लागले. “थांबा, लावते, ते काहीतरी सांगत होते—”

सुश्रुतने माझा हात धरला. मुंग्या आलेला.

“राहू दे. आधी उत्तर.”

“साहेब वाट बघतायत.”

“मी पण.”

त्याचे कान पुन्हा लाल झाले होते. मला हसू आलं, मग रडू, मग दोन्ही एकदम.

“व्हय,” मी म्हटलं. “व्हय, व्हय, व्हय. आता सोडा हात, न्हायतर नोकरी जाईल तुमची!”

त्याने सोडला नाही. मग मी एकाच हाताने वायर लावली.