भिंतीतली किल्ली

सुनेला भिंत फोडायची होती ती एका किल्लीसाठी.

सासूबाईंना हल्ली जेवल्याचंही आठवत नसे, पण दडवलेली दाराची किल्ली मात्र बरोबर सापडे. पिठाच्या डब्यात, उशीच्या अभ्र्यात, कुठेही ठेवा. सून शिवणाच्या मशीनवर बसली, की या कुलूप काढून बाहेर. विचारलं तर म्हणायच्या, “हे कामावरून आले नाहीत अजून. बघून येते.” हे म्हणजे सासरे. गवंडी होते. त्यांना जाऊन वर्षं लोटली होती.

परवा सासूबाई ट्रकखाली येता येता वाचल्या. नवऱ्यानं डोळे पुसत, पण निक्षून सांगितलं, “आता एकदा जरी बाहेर गेली, तर आईला वृद्धाश्रमात ठेवायचं.”  सुनेला माहेर नव्हतं. आई म्हणायला ही एवढीच.

म्हणून दुपारी सासूबाईंचा डोळा लागल्यावर ती मधल्या खोलीत शिरली. या खोलीला खिडकी नाही, भर दुपारीही दिवा लावावा लागतो. खुंटीवरच्या कपड्यांमागची एक वीट काढायची, आत किल्ली, वर पुन्हा वीट. बस्स. सासऱ्यांची थापी, छिन्नी, हातोडी तिनं माळ्यावरून काढलीच होती. सासरे भिंत फोडण्याआधी थापीच्या मुठीनं तीनदा ठोकायचे आणि तर्जनीचं टोक तुटलेला तो हात भिंतीवर ठेवून थांबायचे. “आधी विचारावं पोरी, मग फोडावं.”

तिनंही ठोकलं. टक्, टक्, टक्.

आतून उत्तर आलं. टक्... टक्... टक्...

ती हसली. भिंतीपलीकडे शेजारच्या काकू राहायच्या, आणि काकूंचा कान कायम भिंतीला. “काकू, पुरे झाली चेष्टा!”

तेवढ्यात पुढचं दार वाजलं. काकूच, हातात भाजीची पिशवी.

“काय गं, काय ठोकतेयस? जिन्यात ऐकू आलं.”

“तुम्ही... घरात नव्हता?”

“आत्ता येतेय बाजारातून. माझ्या दाराला कुलूप आहे. सरक, बघू दे!”

माणूस सोबतीला आलं म्हणून सुनेला धीर आला. तिनं छिन्नी लावली. वीट अलगद पुढे आली, पलीकडून कुणी सरकवल्यासारखी. आत कोनाडा होता. आधीच केलेला, चारी बाजूंनी गिलावा दिलेला. ओल्या सिमेंटचा गार वास खोलीभर पसरला. तिनं हात घातला. मनगट गेलं, कोपर गेलं, खांद्यापर्यंत हात गेला...

“काढ गं हात...” काकू कुजबुजल्या. “भिंत वीतभर जाडीची. पलीकडे माझं कपाट आहे.”

बोटांना ओल्या गिलाव्यावर पंजाचा ठसा लागला. तर्जनी आखूड.

तिनं किल्ली आत टाकली, घाईघाईनं वीट बसवली आणि वळली. दारात सासूबाई उभ्या!

तेव्हा तिला आपली चूक कळली. जिनं जन्मभर गवंड्याच्या हाताखाली घमेली उचलली, तिच्यापासून ती भिंतीत वस्तू लपवायला निघाली होती. सासूबाई सरळ पुढे आल्या, कपडे बाजूला सारून त्यांनी नेमक्या त्याच विटेला कान लावला. आता सगळं संपलं, म्हणून सुनेनं डोळे मिटले.

“इथे आहेत होय!” सासूबाई हसल्या. “आणि मी वेडी रस्तोरस्ती शोधतेय.”

किल्ली त्यांनी मागितलीच नाही.

त्या दिवसापासून उंबरा ओलांडणं बंद झालं. रोज त्या स्टूल घेऊन विटेपाशी बसतात, गप्पा मारतात, तांब्यातून पाणी शिंपडतात. “ओलं काम आहे गं, पाणी लागतं.” दोन घास जास्त जेवतात. आश्रमाचं नाव नवऱ्यानं पुन्हा काढलं नाही. काकू मात्र दिवसातून चारदा आपलं कपाट सरकवून बघतात. तिकडे नुसती कोरी भिंत.

बाहेर जायचं असलं की सून वीट काढून हात आत घालते. किल्ली शोधावी लागत नाही, तळहातावर ठेवली जाते. गरम असते. पहिल्यांदा ती किंचाळली होती. आता म्हणते, “येते हं बाबा.”

काल मात्र हात नेहमीइतका आत गेला, तरी किल्ली मिळेना. पायाच्या बोटांवर उभं राहून, गाल भिंतीला टेकवून ताणावं लागलं.

“आई, हा कोनाडा... खोल होतोय का हो?”

“होणारच. दोघांपुरती जागा करतायत.” सुनेचा चेहरा बघून त्यांनी तिच्या पाठीवर हात फिरवला. “घाबरतेस काय अशी? ह्यांचं काम कधी वेळेवर झालंय? मीच सांगितलंय, सावकाश करा. पोरीला इतक्यात सोडून यायचं नाही मला.”

सुनेला हसू आलं आणि डोळेही भरले. तिनं वीट बसवली. काकू गावाला गेल्या होत्या, पलीकडे कुलूप होतं.

आत कुणीतरी सावकाश थापी फिरवत होतं.