आजीव सभासद

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात कुणाला थापा मारल्या नाहीत. आणि यातला शेवटचा भाग तर मी स्वतःच्या कानांनी ऐकलाय.

सप्टेंबर २००५. कोल्हापूर, मंगळवार पेठ. वेळ भर दुपारची.

माझे सासरे चन्नाप्पा हे भाड्याने सायकली देणाऱ्या दुकानदारांच्या संघाचे सचिव. एके काळी पेठेत तासावर सायकल देणारी दुकानं गल्लोगल्ली होती. सगळे संघाचे आजीव सभासद. एकदा नाव घातलं की जन्मभराचं. मग घरोघरी मोटरसायकली आल्या, दुकानं बंद पडली आणि माणसंही एकेक करून गेली.

संघ चालवणं म्हणजे काय, ते चन्नाप्पांना विचारावं. ज्यांचं काम, त्यांच्याच दारात जाऊन त्यांना बोलवायचं. चहा आपण पाजायचा आणि वर बोलणीही आपणच खायची. त्यांनी हे वर्षानुवर्षं केलं. पण आता सासूबाईंचं, निर्मलाबाईंचं, हृदय कमजोर झालं होतं. त्यांना एकटं ठेवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आम्ही धारवाडला त्यांच्यासाठी खोली तयार ठेवली होती. नात शांभवीला मांडीवर घ्यायचं, एवढाच त्या माउलीचा हट्ट होता.

त्यासाठी फक्त चन्नाप्पांचा राजीनामा मंजूर व्हायला हवा होता. आणि तो वार्षिक सभेनंच मंजूर करायचा, असा संघाचा नियम.

संघाच्या माडीवरच्या हॉलमध्ये सभेला दोघंच आले. चन्नाप्पा आणि अध्यक्ष रफिकभाई.

कोरम नाही, म्हणून सभा अर्धा तास तहकूब. त्यानंतर जे कोणी हजर असतील, त्यांचा निर्णय सगळ्यांना बंधनकारक. हा नियम तरुणपणी चन्नाप्पांनीच भांडून करून घेतला होता.

लोडशेडिंग होतं. पंखा बंद. दोघं घाम पुसत बसून राहिले.

खाली रस्त्यावर सायकलचा स्टँड लावल्याचा आवाज आला... खट्.

मग दुसरा.

मग तिसरा...

रफिकभाईंनी खिडकीतून वाकून बघितलं. रस्त्यावर एकही सायकल नव्हती.

वेळ झाली तशी त्यांनी टेबलावरची घंटी वाजवली. घंटी सायकलचीच, लाकडी ठोकळ्यावर बसवलेली. पहिला विषय दरवर्षीचाच, दुखवट्याचा ठराव. वर्षभरात गेलेल्या सभासदांसाठी दोघं उठून उभे राहिले.

आणि समोरच्या लोखंडी खुर्च्या करकरल्या...

सगळ्या. एकदम.

भरलेली सभा उठून उभी राहते ना, तसा तो आवाज होता.

खुर्च्या रिकाम्या होत्या. दोन मिनिटांनी त्या परत करकरल्या. सभा खाली बसली.

चन्नाप्पांची नजर जिन्याकडं गेली. तरी निर्मलाबाईंची आठवण काढून त्यांनी कसाबसा राजीनामा मांडला. रफिकभाईंच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "मंजूर?"



मग मागच्या रांगेत कोणीतरी खाकरलं.

"नामंजूर."

आवाज सयाजीचा होता. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या सयाजीचा. त्याच्या मयतीला चन्नाप्पा स्वतः गेले होते.

"नामंजूर... नामंजूर..."

दोघं जिना कसे उतरले, त्यांचं त्यांना कळलं नाही. खाली आल्यावर रफिकभाईंनी त्यांचा दंड घट्ट धरला. "मी कायबी ऐकलं न्हाय. तूबी ऐकलं न्हाईस."

पुढं दिवाळीत रफिकभाईंनीच हॉलची किल्ली मागून घेतली. वैनीला घेऊन धारवाडला जा, संघाचं मी बघतो, असं म्हणाले. मित्र असावा तर असा. चन्नाप्पा खरंच निघाले. एसटीनं कागल सोडलं आणि मागच्या सीटवर सायकलची घंटी वाजली...

मागं वळून बघितलं तर सीट रिकामी होती.

निपाणीला उतरून त्यांनी बूथवरून रफिकभाईंच्या घरी फोन लावला. पलीकडं रडारड चालली होती. रफिकभाई बसल्या जागी गेले होते. किल्ली मुठीतच होती म्हणे.

चन्नाप्पा सासूबाईंना घेऊन तिथूनच मागं फिरले. किल्ली परत त्यांच्याकडं आली.

पुढच्या सप्टेंबरपर्यंत सासूबाईंना दोन पायऱ्या चढवेनात. सभेच्या दिवशी चन्नाप्पांना त्यांचा भाचा प्रभुलिंग मोटरसायकलवरून घेऊन आला. गडमुडशिंगीचा हा पोरगा कागलच्या एमआयडीसीत नोकरीला. बायको, लहान मुलगा, सगळं छान चाललेलं. वरचं उरकून या, मग मामींना आणि तुम्हाला एसटी स्टँडवर सोडतो, असं म्हणून तो खालीच थांबला.

चन्नाप्पा एकटेच वर बसले.

खट्... खट्... खट्...

या वेळी घंटी आपोआप वाजली.

ते उभे राहिले. खुर्च्या करकरल्या. त्यांनी हात जोडून राजीनामा मांडला. बायको मरायला टेकलीय, आता तरी सोडा, असं चक्क रडून सांगितलं.



मग शेजारच्या, अध्यक्षांच्या रिकाम्या खुर्चीतून रफिकभाईंचा आवाज आला. मायेनं विचारावं तसा...

"चन्नाप्पा, तुझ्या जागी कोण?"

खाली प्रभुलिंग शीळ घालत होता. ती त्यांना स्पष्ट ऐकू येत होती.

"प्रभुलिंग," चन्नाप्पा म्हणाले.

"मंजूर... मंजूर... मंजूर..."

शीळ थांबली.

ते खाली आले तेव्हा प्रभुलिंग जिन्याच्या तोंडाशी उभा होता. "मामा, वर एवढी माणसं कवा आली? आणि माझं नाव कोण घेतलं?"

चन्नाप्पांनी खिशातली किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली आणि मान फिरवली.

सासूबाई धारवाडला आल्या. नातीला मांडीवर घेतलं, एक दिवाळी बघितली आणि गेल्या. प्रभुलिंग मातीलाही आला नाही. त्यानं नोकरी सोडली होती. बायको मुलाला घेऊन माहेरी गेली. दिवसभर त्या हॉलमध्ये एकटाच बसतो, कुणाशी तरी बोलतो, असं त्याची आई चिमणाबाई फोनवर रडत सांगायची.

तेव्हाच सासऱ्यांनी मला हे सगळं सांगितलं. "हिच्यासाठी मी पोराला दिलं. आणि हीबी ऱ्हायली न्हाय."

 

२००९ च्या सप्टेंबरात, दुपारीच, घरचा फोन वाजला. मी उचलला.

"दाजी, मामास्नी सांगा, आज सभा हाय." प्रभुलिंगचा आवाज कमालीचा शांत होता.

मामांनी पद कधीच सोडलंय, त्यांना आता त्यात ओढू नकोस, असं मी जरा तडकूनच म्हणालो.

"पद सोडलं की," तो म्हणाला. "पर सभासद हाईत न्हवं... आजीव."

त्याच्या मागं खुर्च्या करकरल्या...

मी रिसीव्हर आपटला. वळून बघितलं.

मघापर्यंत सासरे आतल्या खोलीत झोपले होते. फोन वाजलेला त्यांना ऐकूही गेला नसता, इतके ते बहिरे झाले होते.

आता ते कॉटवरून उठून उभे होते. हात जोडलेले, मान खाली...

दोन मिनिटं ते तसेच उभे होते. मग मुकाट्यानं खाली बसले.

कुणासाठी उभे राहिलात, हे विचारायचा मला धीर झाला नाही. संध्याकाळी प्रभुलिंग गेल्याचं सांगायला चिमणाबाईंचा फोन आला, आणि विचारायची गरजही उरली नाही.

ती किल्ली आता कुणाकडं आहे, ते आम्हाला माहीत नाही. घरात सायकल नाही. तरी दुपारी अंगणात स्टँड लावल्याचा आवाज येतो, आणि सासरे दाराकडं बघत बसतात.