काल्याचा पहिला घास

"तळ्यात मासे उड्या मारतायत आणि पिल्लं मात्र उपासाने मरतायत. असं कसं हो, आबा?"

ऊर्मीच्या मांडीवर राखी बगळ्याचं पिल्लू मान टाकून पडलं होतं. देवळामागच्या चिंचेवर यंदा एकवीस घरटी होती. त्यांतल्या पिल्लांपैकी उरलं ते हे एकच. तिचे आजोबा, आबा, पक्ष्यांचे डॉक्टर. आणि सप्ताहाच्या शेवटच्या सकाळी काल्याचं कीर्तनही तेच करायचे. त्यांचा यंत्रमानव झांज्या पुढे आला. त्याने पितळी तळवा पिल्लाच्या पोटावर ठेवला. भिंतीवर चित्र उमटलं. जठरात लालसर दोऱ्यांसारखे जंत वेटोळी घालून बसले होते. एका जागी भोक पडलं होतं.

"हे परजीवी (दुसऱ्याच्या अंगात राहून त्याच्याच जिवावर जगणारे)," आबा म्हणाले.

"मग औषध द्या ना!"

"जंत मरतील गं बाई. भोक कोण शिवणार?"

ऊर्मीने डोळे पुसले. "पण ते पोटात शिरले कसे?"

झांज्या सांगू लागला, "जंताची अंडी बगळ्याच्या विष्ठेतून तळ्यात पडतात. चिखलातले गांडुळासारखे बारीक किडे ती गिळतात. किड्याला मासा खातो, माशाला बगळा. किडा आणि मासा हे मधले यजमान (अंड्यातून निघालेल्या जंताच्या अळीला वाढेपर्यंत आसरा देणारे)."

"हे तर आधीपासूनच असेल. मग यंदाच एवढे का?"

"दहा वर्षांत किडे चाळीसपट झाले. चिखलात त्यांना भरपूर खाणं मिळतंय. कुजलेले पोहे, लाह्या, दही."

दहा वर्षांपूर्वी कीर्तनात आबाच म्हणाले होते, 'काल्याचा पहिला घास तळ्यातल्या माशांना. तीही देवाचीच लेकरं!' तेव्हापासून अख्खा गाव द्रोणच्या द्रोण पाण्यात ओतत होता. पुढे तर दर सोमवारी टोपल्या तळ्यात रिकाम्या होऊ लागल्या.

"आबा, तुम्ही मुद्दाम नाही केलंत."

"जंत तरी कुठे मुद्दाम करतो, पोरी?"

कीर्तनाआधीच पिल्लू गेलं.

आबांनी फेटा बांधला आणि ते कीर्तनाला उभे राहिले. "मंडळी," ते म्हणाले, "आपण प्रेमाने घातलं. कुणाच्या पोटात गेलं, ते पाहिलं नाही. चूक माझी." मग त्यांनी किडा, मासा, बगळा सगळं सांगितलं.

"म्हणजे दहा वर्षांचं आमचं पुण्य चिखलात?" म्हाताऱ्या सगुणाबाईने विचारलं.



"घास थांबवला, तर बगळे वाचतील?" ऊर्मीने झांज्याला हळूच विचारलं.

"माशांत अळ्या आहेतच. काही वर्षं लागतील. नक्की सांगता येत नाही."

काला वाटला गेला. बरेच जण सवयीने तळ्याकडे वळले. ऊर्मी धावत पायऱ्यांवर जाऊन उभी राहिली. पण तिला चुकवून कुणी कुणी द्रोण ओतलेच. तिला रडू आवरेना.

सगुणाबाई शेवटच्या पायरीपर्यंत उतरली. मासे तोंडं उघडून जमले. तिने द्रोणाकडे पाहिलं, मग चिंचेवरच्या रिकाम्या घरट्यांकडे. पायरीवरच बसली आणि पहिला घास तिने ऊर्मीला भरवला.