नाव सुटेपर्यंत

एप्रिलच्या एका दुपारी मी आमच्या शहराच्या मस्तगड भागातल्या सिराजोद्दीनभाईंच्या सायबर कॅफेत पहिल्यांदा गेले, आणि बसल्या बसल्या कूलरचं पाणी माझ्या कागदांवर उडालं. शेजारच्या खुर्चीवरच्या मुलानं कूलरचं तोंड स्वतःकडे वळवून घेतलं. पुढचा तासभर त्याचाच शर्ट भिजत राहिला.

तो मच्छिंद्र.

साल दोन हजार सहा. मी, बेबीनंदा, एमआयडीसीतल्या सगुणा सीड्स नावाच्या छोट्या बियाणे कंपनीत कामाला होते. माझी पहिलीच नोकरी. मालक अण्णासाहेबांनी कंपनीला आपल्या आईचं नाव दिलं होतं. ऑफिसात कॉम्प्युटर एकच, आणि तो सांभाळणारी मी एकटी. फेब्रुवारीत कंपनीच्या वेबसाइटच्या नावाची मुदत संपली आणि ते कुणाच्या लक्षातच आलं नाही. मुदतीची आठवण देणाऱ्या मेल ज्या मेलबॉक्सात पडत होत्या, तो उघडणारा माणूस कधीच दुबईला निघून गेला होता... पासवर्डसकट. साइट बंद, मेल बंद. आणि जूनच्या पेरणीसाठी हजारो पाकिटं छापून तयार, प्रत्येकावर तोच पत्ता.

"नाव परत आण, बेबी," अण्णासाहेब एवढंच म्हणाले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

त्या दुपारी मी स्क्रीनकडे बघून स्वतःशीच पुटपुटत होते बहुतेक. कारण शेजारून हळूच आवाज आला, "मुदत कधी संपली?"

मी फेब्रुवारी म्हणाले. त्यानं माझाच ओला कागद उलटा केला आणि त्यावर तारखा मांडायला लागला.

"नाव लगेच सुटत न्हाई. पहिले चाळीसेक दिवस मालकाला मुभा असते, नेहमीचे पैसे भरायचे अन् परत घ्यायचं. मंग एक महिना, दंड भरून सोडवायचं. तेबी न्हाई केलं तर शेवटचे पाच दिवस. त्या पाच दिवसांत खुद्द मालकालाबी हात लावता येत न्हाई."

"आणि सहाव्या दिवशी?"

"मोकळं होतं. जो आधी घेईल त्याचं. पण तो खेळ सेकंदाचा आहे, आपल्या बोटांनी जमत न्हाई. म्हणून आधीच नंबर लावून ठेवायचा. बॅकऑर्डर म्हणतात. त्या कंपनीची मशीन टपून बसती, नाव सुटलं की आपल्यासाठी पकडती."

"नाहीच पकडलं तर?"

"मंग पैसे परत. दुःख आपलं आपल्यापाशी."

मला हसू आलं. महिन्याभरात पहिल्यांदा.

तोही कुठल्याशा नावाच्या मागावर होता, दोन वर्षांपासून. कुठलं, ते मी विचारलं. आधी तुमचं सांगा, म्हणाला. बाहेर कुणाला कळू द्यायचं नाही अशी अण्णासाहेबांची ताकीद होती. मी नकारार्थी मान हलवली. मग त्यानंही हलवली. आमच्या दोघांच्या गुपितांची चेष्टा करत सिराजोद्दीनभाईंनी दोन कटिंग चहा पुढे ठेवले.

दंड भरून नाव सोडवायचा महिना अजून चालू होता. पण पासवर्डशिवाय आम्हीच मालक हे सिद्ध कसं करणार? मी कागदपत्रं पाठवत राहिले, परदेशातून ठरावीक उत्तरं येत राहिली. त्यासाठी रोज चार वाजता कॅफेत जावं लागायचं. म्हणजे... ऑफिसातूनही पाठवता आली असती. तिथल्या इंटरनेटची फोन लाइन काही रोज बिघडलेली नसायची.

मच्छिंद्र जाफराबादहून एसटीनं यायचा. औरंगाबादला कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून तो शेतीत परतला होता, आणि त्याचं त्याला जराही वाईट वाटत नव्हतं. बोलताना तो समोर बघायचा नाही. मी दुसरीकडे बघितलं की मात्र बघायचा. मला ते काळ्या पडलेल्या मॉनिटरच्या काचेत दिसायचं. मग मी मुद्दाम दुसरीकडे बघायला लागले.

महिना संपला. कागदपत्रांचा काही उपयोग झाला नाही. शेवटचे पाच दिवस सुरू झाले तेव्हा मी अण्णासाहेबांचं क्रेडिट कार्ड घेऊन नंबर लावायला बसले. मच्छिंद्रनं जिची सर्वांत जास्त तारीफ केली होती तीच कंपनी उघडली, नाव टाकलं... आणि लाल अक्षरं आली. या नावावर आधीच एक ऑर्डर आहे. एका नावावर एकच घेतली जाते.

"कुणीतरी आधीच बसलंय!" मी वळून म्हणाले. आणि गुपित विसरून नावही सांगून टाकलं. "सगुणा सीड्स. कुणाला हवंय हो आमचं नाव?"

मच्छिंद्रचा हात चहाच्या कपावरच थांबला. बसची वेळ झाली म्हणत तो उठला आणि चहा तसाच ठेवून गेला.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. त्या दिवशी मी किती वेळा दाराकडे पाहिलं ते सिराजोद्दीनभाईंना विचारा. नावाची काळजी होतीच. पण खरं सांगते, रिकामी खुर्ची जास्त टोचत होती.

तिसऱ्या दिवशी तो आला, उभ्या उभ्याच बोलला.

"तो पहिला नंबर माझा आहे."

त्याच्या आईचं नाव सगुणाबाई. तिनं तीस वर्षं जपलेलं गावरान वांग्याचं बी पंचक्रोशीतल्या बायका मागून नेत. ते नीट पाकिटात घालून तिच्या नावानं विकायचं, हे त्याच्या मनात होतं. आमची साइट बंद पडलेली दिसली तेव्हा कंपनीच बुडाली असं समजून त्यानं नंबर लावला होता.

मला राग आला. राग यावा असं त्यानं काही केलं नव्हतं, म्हणून जास्तच आला. "रांगेत तुम्ही पुढे आहात," मी कशीबशी म्हणाले. "घ्या तुम्ही. मी अण्णासाहेबांना सांगते." पर्स उचलताना आतलं कपाशीचं पाकीट खाली पडलं. त्यानं ते उचललं, उलटं केलं, छापलेला पत्ता वाचला.

"अशी किती छापली?"

मी सांगितलं.

तो खुर्चीवर बसला, स्वतःचं खातं उघडलं आणि ऑर्डर रद्द करायचं बटन शोधायला लागला. मी नको म्हणाले. दोनदा म्हणाले.

"माझं अजून एकबी पाकीट छापलं न्हाई," तो म्हणाला. "कार्ड काढा जल्दी. माझा नंबर सुटला की कोणीबी तिसरा बसू शकतो."

"और साडेचार को लाइट जाती," सिराजोद्दीनभाई काउंटरवरून म्हणाले.

घड्याळात चार वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. त्यानं रद्द केलं. मी त्याच्या शेजारच्या मशीनवर नाव टाकलं. तो कार्डावरचे आकडे वाचत गेला, मी दाबत गेले. एक आकडा चुकला. परत सगळं पहिल्यापासून. ऑर्डर मिळाल्याची ओळ आली, मी ती मोठ्यानं वाचली, आणि पंखा, कूलर, स्क्रीन सगळं एकदम गेलं. अंधाऱ्या कॅफेत आम्ही दोघं घामाघूम होऊन हसत बसलो होतो. माझा हात त्याच्या हातावर होता. तो कधी ठेवला गेला, मला ठाऊक नाही. मी तो लगेच काढला नाही, हे मात्र ठाऊक आहे.

तीन दिवसांनी सकाळी ऑफिसात मेल आली. नाव आमचं झालं होतं. अण्णासाहेबांनी सगळ्यांना जिलेबी वाटली. मी चार वाजता कॅफेत धावले, तर मच्छिंद्र नव्हता. सिराजोद्दीनभाई म्हणाले, उसका काम खतम, अब कायको आएगा?

रविवारी सकाळी मी जाफराबादच्या जीपमध्ये बसले, आणि वांग्याचं बी देणाऱ्या सगुणाबाईंचं शेत विचारत विचारत पोहोचले.

विहिरीकाठच्या वाफ्यात बियाण्यासाठी राखलेली वांगी पिकून पिवळीधमक झाली होती. सगुणाबाई घमेल्यातल्या पाण्यात बी चोळत होत्या, मच्छिंद्र पाणी ओतत होता. मला बघून त्यानं अख्खी बादली पायावर ओतून घेतली.

"नाव मिळालं," मी म्हणाले. "सांगायला आले."

सगुणाबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "फोन न्हाई का तुह्याकडं?"

"आहे," मी म्हणाले. कान तापले होते. सगुणाबाई हात पुसत उठल्या, चहा टाकते म्हणाल्या, आणि चांगल्या सावकाश चालत घराकडे गेल्या.

मच्छिंद्र घमेल्यात बघत होता. "तुमच्याकडं काम न्हाई राह्यलं, म्हणून आलो न्हाई. चारदा बसस्टॅंडवर आल्तो. काय म्हणून यावं, ते सुचंना."

"मग आता सुचलं?"

"तुमच्या घरी येऊ का? तुमच्या बाबांना विचारायला?"

"आधी मला विचारा," मी म्हणाले.

त्यानं पहिल्यांदा सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं. आणि विचारलं... अडखळत, मध्येच थांबत, पण पूर्ण विचारलं. मी हो म्हणाले. इतकं पटकन म्हणाले की त्याला ते ऐकूच आलं नाही, आणि मला पुन्हा म्हणावं लागलं.